मेंढ्याच्या लेण्याची भिंत

७ एप्रिल २०२५

ही डायरी अभयची, माझ्या नवऱ्याची. शेंद्र्याच्या कंपनीत दरवर्षी सगळ्यांना वाटतात, तशी त्यालाही मिळाली. बावीस जानेवारीपर्यंत त्याचं अक्षर आहे. ‘दुसरी पाळी.’ ‘गॅस सांगणे.’ ‘सुलेखाला डोळे तपासायला नेणे.’ तेवीस तारखेला पाळीवर असतानाच त्याच्या छातीत दुखलं, दवाखान्यात नेलं आणि तासाभरात सगळं संपलं. पुढची पानं कोरी आहेत. चांगला कागद वाया का घालवायचा, म्हणून मी लिहायला घेतलं.

रूपा पुण्याहून फोनवर म्हणते, मम्मी, लिही, मन मोकळं होईल. पोरीला कसं सांगू की मन भरलेलंच नाही. रिकामा माठ मोकळा कसा करायचा?

माझी तब्येत बरी आहे. जेवते, झोपते, कामावर जाते. अभयचा डबा रोज घासून ठेवते, नाहीतर स्टीलला वास धरतो.

आज विश्वजीत सरांनी नवीन काम दिलं. ते माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पण कार्यालयात खुर्ची मोठी असते, वय नाही. पिशोरच्या डोंगरात एक लहान लेणं आहे. त्याच्या भिंतींची तपासणी करायची. पुरातत्त्व खात्यात मी अकरा वर्षं कंत्राटी तांत्रिक सहायक आहे. दगड, चुना, गिलावा, माती, सगळं तपासून झालं. हेही करू.

९ एप्रिल

फुलंब्रीला चहा घेतला, पिशोरला गाडी सोडली, मग अर्धा तास चढण. सरांना धाप लागली, मला नाही. मला हल्ली काहीच लागत नाही.

लेणं बौद्ध आहे. एक दालन, भोवती भिक्खूंच्या आठ खोल्या, पुढे पडवी. गावात त्याला ‘मेंढ्याचं लेणं’ म्हणतात, कारण पावसापाण्यात धनगर तिथं मेंढरं बसवतात. बाहेर एक गंजका फलक आहे. ‘शोध : इ. स. १८७४.’ त्या साली एक इंग्रज कप्तान शिकारीला आला होता. त्याचं टिपण फाइलमध्ये आहे : भिंती साध्या, चित्र नाही, मेंढपाळांनी माती फासून विद्रूप केलेल्या. निजामाच्या काळातल्या अहवालात हेच वाक्य, स्वातंत्र्यानंतरच्या अहवालात हेच, आणि अठ्ठ्याण्णव सालच्या अहवालातही हेच. दीडशे वर्षांत नवीन काय, तर टाइप.

आमचा आवाज ऐकून एक म्हातारी वर आली. वच्छलाबाई. सत्तरीच्या पुढची, काटक, कमरेला चंची. खालच्या वस्तीवर त्यांचं घर आहे, मुलगा रामहरी मेंढरं राखतो. त्यांनी फलकाकडे काठी केली.

“काय लिवलंय त्येच्यावर?”

मी सांगितलं. एका इंग्रज साहेबाने हे लेणं शोधून काढलं.

“मंग हरवलं कवा होतं?” त्या म्हणाल्या.

सर हसले. मीही हसायला पाहिजे होतं.

आतल्या मोठ्या भिंतीवर तीन बोटं जाडीची माती आहे. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या घरच्या बायका ती लिंपतात. का, म्हणून विचारलं. “सासूनं लावून दिलं. तिला तिच्या सासूनं.” मला ते आवडलं नाही. माझे आजोबा धर्मांतरानंतर घरच्यांना बैलगाडीत घालून लेण्यांवर वंदनेला न्यायचे, आणि इथं आमच्या विहाराला घराच्या भिंतीसारखा पोतेरा! हे मी कुणाला बोलले नाही. इथं लिहिते.

१४ एप्रिल

जयंती. रूपा आली होती. भडकल गेटला गर्दी, निळे झेंडे, ढोल. दरवर्षी अभय फेटा बांधायचा आणि तो दरवर्षी सुटायचा. सगळ्यांना जय भीम केला. बायका माझ्याकडे बघून आवाज खाली आणत होत्या. मी तर खीर दोन वाट्या खाल्ली.

१७ एप्रिल

आज तळहाताएवढी माती काढून पाहिली. नियमच आहे, आधी छोटी खिडकी उघडायची. ओला कापूस, बारीक सुरी, ब्रश. चार तास लागले. मातीच्या खाली पांढरट थर लागला, मग तांबडी रेघ, आणि मग डोळा. अर्धा मिटलेला, खाली पाहणारा.

सर खाली बसले. सरळ जमिनीवर, नव्या पॅंटसकट. “मॅडम, दीड हजार वर्षं! आणि फाइलीत लिहिलंय चित्र नाही!” त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मापं लिहून घेतली. डोळ्याची लांबी साडेअकरा सेंटिमीटर.

वच्छलाबाई काठी टेकत आल्या, बघितलं आणि मान हलवली. “हाय की. आत बाबा हाय त्यो. माझ्या सासूच्या सासूला म्हाईत हुतं.”

“मावशी, मग कधी सांगितलं का नाही?”

“कुणी इचारलं?”

मग त्या भिंतीच्या जवळ गेल्या, उघड्या जागेला बोट न लावता हात नुसता समोर धरला, ताप बघतात तसा. “झाका आता. लई येळ उघडा ठिवू नका. भिंत वाळंल.”

सर म्हणाले, “मावशी, भिंत वाळलेलीच बरी असते.”

“घराची व्हय. ह्याची नाय.”

२२ एप्रिल

प्रयोगशाळेत दोन नमुने तपासले. एक वरच्या मातीचा, म्हणजे वच्छलाबाईंचा. दुसरा चित्राखालच्या जुन्या गिलाव्याचा. दोन्हीत ओढ्याची पिवळी माती, भूस, मेंढीची लोकर, बेलफळाचा चीक. प्रमाणही जवळजवळ तेच. मला वाटलं बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या बदलल्या. पुन्हा तपासलं. पुन्हा तेच.

म्हणजे ज्यांनी चित्र काढलं त्यांची माती आणि या बायकांची माती एकच. सरांना सांगितलं. ते म्हणाले, “वा, परिशिष्टात टाका.” परिशिष्ट कुणी वाचत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे.

बारा मेला बुद्धपौर्णिमा. तोवर अख्खं चित्र उघडायचं असं वरून ठरलंय. पाहुणे येणार, छायाचित्रं निघणार. पुस्तकातली पद्धतही हेच सांगते : नंतर चढवलेला परका थर पूर्ण काढावा. ते पुस्तक कुठल्यातरी थंड देशात लिहिलेलं आहे. मी काही बोलले नाही. खरं लिहायचं तर मलाही तो चेहरा उघडा हवा होता. तीन महिन्यांत मला हवीशी वाटलेली ही पहिली गोष्ट.

३० एप्रिल

आखाजी. आज माझ्या हातून एक विचित्र गोष्ट घडली.

कपाळ, नाक आणि दोन्ही डोळे उघडून झाले होते. दुपारी वच्छलाबाई सुनांना घेऊन आल्या. पाच बायका, डोक्यावर घमेली, घमेल्यात भिजवलेली माती. नवी लुगडी नेसलेल्या. एकीच्या हातात आंब्याच्या रसाची कासंडी होती, आमच्यासाठी. सर गावात गेले होते.

वच्छलाबाई म्हणाल्या, “उघडलं त्ये उघडलं. आता वरून पातळ हात फिरवतो, वर्सभर राहील. फुडच्या वर्साला थोडं आनखी उघडा.”

एका सुनेने मूठभर माती घेतली आणि त्या चेहऱ्याकडे हात नेला. मी ओरडले. “झाकू नका! तोंड झाकायचं नाही!” असं ओरडले की पडवीतली मेंढरं उठली. बाईच्या हातातली माती खाली पडली.

मग मी नियम सांगितला. संरक्षित स्मारक आहे, हात लावता येत नाही, कायदा आहे. सगळं खरं होतं. पण मी नियमासाठी ओरडले नव्हते. कशासाठी ओरडले ते मला कळलेलं नाही. दमले असेन.

वच्छलाबाईंनी रागावायला हवं होतं. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि सुनांना म्हणाल्या, “चला गं. बाईचं कायतरी दुखतंय.” माती ओढ्यात टाकायला घेऊन गेल्या. रस ठेवून गेल्या. तो चांगला होता.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. चित्र पूर्ण उघडं झालं. एक बोधिसत्त्व, हातात कमळ, मान किंचित कललेली. भन्तेंनी वंदना घेतली. पाहुणे, फुलं, कॅमेरे. वर्तमानपत्रात सरांचं नाव येणार.

मी शेवटच्या रांगेत होते. सगळे निघून गेल्यावर एकटी आत गेले आणि बघत बसले. त्याचा चेहरा अगदी शांत आहे. घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी भूक लागली, पिठलं करून खाल्लं.

वच्छलाबाईंना कुणी बोलावलं नव्हतं. पत्रिका माझ्याच हाती होत्या. माझ्या लक्षात आलं नाही.

१९ मे

ऊन बेचाळीसच्या वर. लेण्यात गरम वारा शिरतो. भिंतीखाली तांबूस भुकटी पडलेली दिसली. आधी वाटलं मेंढरांच्या पायाची धूळ. मग वर पाहिलं. कमळ नव्हतं. हातही मनगटापर्यंत गेला होता.

बोटाने ठोकलं तर भिंत ढोलासारखी पोकळ वाजते. जुना गिलावा वाळून आकसला आणि दगडापासून सुटला. वरची माती त्याला ओलही देत होती आणि धरूनही ठेवत होती. आम्ही ती तीन आठवड्यांत ओरबाडली. भिंत वाळंल, असं एका बाईने सांगितलं होतं, आणि मी ते माझ्या वहीत लिहूनही घेतलं होतं. ‘स्थानिक समजूत’ या शीर्षकाखाली.

२१ मे

सरांनी पिचकारीने डिंक भरायचं ठरवलं. परदेशी आहे, महाग आहे. मी भरला. वरचं कडक झालं, मागचं मोकळंच राहिलं. संध्याकाळी खांद्यापासून छातीपर्यंतचा तुकडा अख्खाच्या अख्खा खाली आला. फार मोठा आवाज झाला नाही. पोतं टाकल्यासारखा झाला.

सर बाहेर जाऊन उभे राहिले. मी तुकडे कापसात गुंडाळून त्यांना क्रमांक दिले. एकशे चौदा. आता फक्त चेहरा उरला आहे.

२४ मे

अहवाल तयार झाला. ‘मेंढपाळ कुटुंबाने वर्षानुवर्षे मातीचा लेप दिल्याने मूळ गिलावा कमकुवत होऊन पडझड झाली.’ खाली तांत्रिक सहायकाची सही लागते.

सर माझ्याकडे न बघता म्हणाले, “मॅडम, कुणाचं तरी नाव लिहावंच लागतं. नाहीतर आपल्या दोघांचं लिहितील. दोन महिने चौकशी, मग सगळे विसरतात.” ते वाईट माणूस नाहीत. त्यांना भीती वाटत होती. मला तीही वाटत नव्हती.

सही केली. पहिलं पेन उमटेना, म्हणून दुसरं घेतलं. जे पडायचं ते पडलं, कागदावर काय आहे याने आता काय होणार, असं वाटलं. घरी येऊन अभयचा डबा घासला.

४ जून

रामहरी कार्यालयात आला. डोक्याला मुंडासं, पायांत वहाणा, दारात शिपायाने अडवलं म्हणून माझं नाव सांगितलं. इथं तो दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

त्याने खिशातून घडी काढली. नोटीस होती. लेण्यापासून शंभर मीटरच्या आत त्याच्या घरच्या कुणी यायचं नाही, आणि प्राचीन वास्तूची नासधूस केल्याबद्दल गुन्हा का दाखल करू नये, ते पंधरा दिवसांत कळवावं.

“बारावी झालोय म्या, वाचता येतं. पर ह्ये सरकारी मराठी डोस्क्यात बसंना. वाचून सांगा बरं.”

मी वाचलं. आमच्या अहवालाचा उतारा खाली जोडला होता. तोही वाचावा लागला. शेवटी माझं नाव आलं आणि मी थांबले.

“ह्ये तुमीच नव्हं?” त्याने विचारलं.

“हो.”

“आई म्हनली व्हती, बाईनं नसंल लिवलं.” त्याने कागद माझ्या हातातून घेतला, आधीच्याच घडीवर घडी घातली. “पावसात मेंढरं कुटं बसवू आता? तेवढं त्येच्यात लिवलंय का?”

मी म्हटलं, नाही.

जाताना एक पिशवी टेबलावर ठेवून गेला. आत वाळवलेल्या बेलफळाचा गर आणि पिंजलेली लोकर. “आईनं दिलंय. म्हनली, आमाला तर बंदी हाय, बाबाचं तोंड तरी ऱ्हाऊ द्या, तुमीच लावा.”

पिशवी अजून टेबलावर आहे. लाज वाटायला हवी होती. तिची जागा माहीत आहे, कुठे वाटते ते आठवतं. पण आत हात घातला तर काही लागत नाही.

७ जून

तीन दिवस प्रयोगशाळेत माती कालवते आहे. प्रमाण माझ्याकडे टक्केवारीसकट आहे. ओढ्याची माती, भूस, त्यांनी दिलेली लोकर, त्यांनी दिलेला गर. फरशीच्या तुकड्यांवर लावून पाहिलं. पहिल्या दिवशी तडे गेले. दुसऱ्या दिवशी पोपडे सुटले. आज पूर्ण थर चिखलासारखा ओघळला.

इकडे चेहऱ्याची हनुवटी सुटायला लागली आहे. सरांनी दोरीने लाकडी फळी टेकवून ठेवली. लढाईवरून आलेल्या माणसासारखा दिसतो.

८ जून

रविवार. एसटीने पिशोरला गेले आणि वस्तीवर वच्छलाबाईंच्या दारात उभी राहिले. त्या शेळीची धार काढत होत्या. बस म्हणाल्या नाहीत, पण गोणपाट पायाने पुढे सरकवलं. बसले.

“मावशी, माती तडकते.”

“किती दिस भिजवली?”

“एक रात्र.”

त्या पहिल्यांदा हसल्या. “वास येस्तवर भिजवायची. येकवीस दिस. लोकर सडाया पायजे. आनि पायानं तुडवायची, हातानं नाय. वास आला का तुमी नाक दाबून पळाल.” मग म्हणाल्या, “आमी तुडवून ठिवलीया. आखाजीची ओढ्यात टाकली नव्हती, खड्ड्यात झाकून ठिवली. दीड म्हैना झाला. लई ग्वाड झाली आसंल.”

“मग चला ना. तुम्हीच लावा. चेहरा उद्या-परवा पडेल.”

त्यांनी चरवी बाजूला ठेवली. “म्या आत्ता यीन. पर तुमी लिवलंय नं, म्या हात लावायचा नाय म्हून? पोलीस रामहरीला धरतील. पोराला धरूस्तवर तुमच्या बाबाला वाचवू का म्या?”

“तुमीच लिवलंय,” त्या पुन्हा म्हणाल्या, आवाज न चढवता. “ज्येनं लिवलं त्येलाच खोडता येतं.”

९ जून

सकाळी पहिलं काम हे केलं. मुख्य कार्यालयाला पत्र. ‘दि. २४ मे रोजीच्या अहवालावर सही माझी आहे. त्यातील कारण खोटे आहे. मातीच्या लेपाने चित्र टिकले होते. तो एकदम काढल्याने पडझड झाली. तो लेप मी स्वतः काढला. भिंत उघडी ठेवू नका असे वच्छलाबाई यांनी १७ एप्रिलला सांगितले होते. नोंद सोबत जोडली आहे.’ नमुन्यांचा तपासणी अहवालही जोडला, परिशिष्टात नाही, पहिल्या पानाला.

एक प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी उभ्याने वाचली. “मॅडम, तुमचं कंत्राट तीस जूनला संपतंय. नूतनीकरण माझ्या हातात नाही राहणार.”

“माहीत आहे.”

“घरात एकट्या आहात. जरा विचार तरी करायचा.”

विचार केला असता तर लिहिलं नसतं, असं मी म्हणाले. ते खुर्चीत बसले आणि ती प्रत पुन्हा पहिल्यापासून वाचली. शेवटी त्यांनीही एक ओळ खाली लिहिली : ‘वरील माहिती बरोबर आहे.’ मला ते अपेक्षित नव्हतं.

१९ जून

मुख्य कार्यालयातून एक बाई आल्या. पांढरे आखूड केस, खांद्याला झोळी. लेण्यात तासभर एकट्या बसल्या. मग मला बोलावलं.

“खोटं आहे हे माहीत असताना सही का केली?”

“तेव्हा मला काहीच वाटत नव्हतं.”

“आता वाटतं?”

“सांगता येत नाही.”

त्यांनी हे उत्तर लिहून घेतलं नाही. वच्छलाबाईंना शंभर मीटरच्या रेघेपलीकडून हाका मारून आत घेतलं आणि दोघी दगडावर बसून मातीबद्दल बोलत राहिल्या. त्या बाई विचारत होत्या, वच्छलाबाई सांगत होत्या, आणि मधूनच “न्हाय न्हाय, तसं न्हाय” म्हणून त्यांना दुरुस्त करत होत्या.

२५ जून

आदेश आला. नोटीस मागे. उरलेल्या चित्रावर स्थानिक पद्धतीचा संरक्षक लेप द्यायला परवानगी, तो वच्छलाबाईंच्या देखरेखीखाली. मेंढरं पडवीत बसतील, आत नाही. तिसरा कागद माझा होता. कंत्राट वाढवलेलं नाही.

रूपाला फोन करून सांगितलं. ती रडली. मी म्हटलं, अगं, नोकरी गेली आहे, माणूस नाही.

२९ जून

कामाचा शेवटचा रविवार. आज भिंत लिंपली.

खड्ड्यावरचं गवत काढलं तेव्हा जो वास आला तो लिहिण्यासारखा नाही. सर खरोखर नाक दाबून पळाले, बायका पदरात तोंड घालून हसल्या. वच्छलाबाईंनी माती चिमटीत धरून ताणली, लोकरीचा बारीक तंतू सुटेना. “झाली,” म्हणाल्या.

भिंतीवर आधी ओल्या फडक्याने नुसती वाफ दिल्यासारखी ओल दिली. मग बायका रिकाम्या जागांपासून सुरू झाल्या. जिथं कमळ होतं तिथं माती, जिथं हात होता तिथं माती. कडेकडेने आत येत चेहऱ्यापर्यंत आल्या. हनुवटी झाकली, ओठ झाकले. त्यांचे हात भराभर चालत होते आणि भिंतीला दाबत नव्हते. अकरा वर्षं मी भिंतींचं काम केलं, असा हात मला कधी जमला नाही. मी खाली बसून बघत होते.

डोळे तेवढे राहिले. वच्छलाबाईंनी बायकांना थांबवलं आणि एक गोळा माझ्यापुढे धरला. “तुमी लावा. तुमचा बाबा हाय.”

“मला नाही जमायचं, मावशी.”

“जमंल. दाबायचं नाय. नुसतं टेकवायचं.”

मी उठले, पण हात वर होईना. तेव्हा मी त्यांना सांगितलं. कुणालाच सांगितलेलं नव्हतं, या डायरीलाही नाही. अभयच्या तोंडावर चादर ओढली तेव्हा मी दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर होते. कागद होते, सह्या करायच्या होत्या, एक झाली की दुसरी. वर आले तोवर कुणीतरी त्याला झाकून टाकलं होतं. मी चादर बाजूला केली नाही. लोक उभे होते, वाटलं, आता कशाला. मी त्याला शेवटचं बघितलंच नाही. मी फक्त सह्या केल्या.

वच्छलाबाईंनी माझं मनगट धरलं, तसंच धरून माती भिंतीपाशी नेली आणि सोडून दिलं.

डावा डोळा मी झाकला. मग उजव्याकडे बघत उभी राहिले. किती वेळ, माहीत नाही. सर होते, सुना होत्या, बाहेर रामहरी होता. आवरा म्हणून कुणीही म्हणालं नाही. पोटभर बघून झालं तेव्हा उजवाही झाकला.

माती गार होती. हात काढावासा वाटेना, म्हणून तसाच ठेवला.